घरच्या घरी बाळाची कुंची अन् हळदीचा केक: काय शिवावं, कशात भाजावं आणि विकायचं ठरवलं तर नियम काय? समजून घ्या सोप्या भाषेत

हट्टा (जि. हिंगोली): मोबाइलवरचा व्हिडिओ सांगतो, ‘ओव्हन १८० डिग्रीवर दहा मिनिटं प्री-हीट करा.’ घरात ओव्हन नसतो. दुसरा व्हिडिओ सांगतो, ‘पॅटर्नची प्रिंट काढा.’ घरात प्रिंटर नसतो. वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात बसून असे व्हिडिओ पाहणाऱ्याची इथेच अडचण होते. हौस असते, वेळ असतो, जुन्या सुती साड्यांची चळतही असते. पण सुरुवात कुठून करायची, हे कुणी सांगत नाही.

प्रश्न फक्त हौसेचा नाही. बाळाच्या टोपड्याची नाडी किती लांब असावी, खेळण्याला बटण लावावं का, केकमध्ये डालडा घालावा की तूप, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींचा थेट संबंध लेकराच्या सुरक्षिततेशी आहे. आणि शेजारणीने ‘मलाही एक करून दे, पैसे देते’ म्हटलं, की नियम आणि हिशोब दोन्ही सुरू होतात.

आधी एवढं लक्षात ठेवा

• लहान बाळाच्या कपड्याला मानेजवळ नाडी नको, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला मणी-बटण नको.
• ओव्हन नसला तरी जाड बुडाच्या पातेल्यात केक आणि नानकटाई होते.
• बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• घरी केलेला खाद्यपदार्थ विकायचा तर अन्न नोंदणी लागते.

हे सगळं शहरातून आलेलं आहे का?

नाही. नाव नवं आहे, काम जुनंच आहे.

मराठवाड्यात जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्याने वाकळ शिवली जाते. कुणी तिला गोधडी म्हणतं. कडेने सुरू करून आत आत टाके घालत मध्यापर्यंत यायचं, ही तिची पद्धत. बाळ जन्मलं की बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची येते. कुंची म्हणजे डोकं, कान आणि पाठ एकत्र झाकणारं टोपडं. हे सगळं बहुतेक वेळा घरातलीच आजी किंवा मावशी शिवत आली आहे.

भाजण्याचंही तसंच. विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजतात आणि वरण, वांग्याच्या भाजीसोबत खातात. चारही बाजूंनी कोरडी उष्णता देऊन कणीक आतपर्यंत शिजवायची, हेच बेकिंग. ओव्हनमध्ये तेच काम विजेवर तापणारी तार करते. दिवाळीच्या किंवा सुट्टीच्या दिवसांत रवा, मैदा, साखर, तूप घेऊन गावच्या भट्टीवर जायचं आणि डबाभर बिस्किटं भाजून आणायची, हेही महाराष्ट्रात अनेकांनी केलेलं आहे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा या दोन्ही गोष्टी नव्याने पुढे आल्या. बचत गटांच्या महिलांनी ठिकठिकाणी कापडी मास्क शिवले. बेकऱ्या बंद असल्याने घराघरांत कुकरमधले केक झाले. मास्क गेले, पण शिलाई मशीन आणि केकचा डबा अनेक घरांत हाताशीच राहिला.

शिवणाची सुरुवात कशाने करावी?

सर्वांत सोपं आहे लाळेरं. दहा इंच लांब आणि आठ इंच रुंद कापड पुरतं. वरच्या बाजूला मध्यभागी गळ्याचा अर्धगोल कापायचा. बाहेरून जुनी सुती साडी, आत जुन्या टॉवेलचे दोन थर. सुलट बाजू आत ठेवून कडेने टीप मारायची, दोन इंच जागा मोकळी सोडायची, तिथून कापड उलटवून घ्यायचं आणि ती जागा हाताने बंद करायची. मागे नाडीऐवजी वेल्क्रोचा तुकडा लावावा. बाळाने ओढलं तर तो सुटतो, नाडी सुटत नाही.

जुनं सुती कापड का? अनेकदा धुतल्यामुळे त्यातली खळ निघून गेलेली असते, ते मऊ पडलेलं असतं आणि जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असतं. नवं कापड घेतलं तर आधी एकदा धुवून, वाळवून मगच कापावं. नाहीतर पहिल्या धुण्यातच झबलं आखूड होतं. रंग जातो का, हे पाहण्यासाठी ओलं पांढरं फडकं कापडावर जोरात घासून बघावं. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड लाळेऱ्याला वापरू नये, कारण बाळ ते चोखणारच.

टोपड्यासाठी माप टेपनेच घ्यावं. भुवयांच्या थोडं वरून आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर सरासरी ४२ ते ४३ सेंटिमीटर आणि वर्षाच्या बाळाचा ४५ ते ४६ सेंटिमीटर असतो. म्हणजे पहिल्या वाढदिवसाला टोपडं साधारण १८ इंचांचं लागतं. शिवणीसाठी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जास्त सोडायचा.

पायमशीनवर सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते. वाकळीसारखे अनेक थर असतील तर १६ नंबर किंवा सरळ हातशिवण.

कुंची शिवताना काय बदलायला हवं?

पारंपरिक कुंचीला हनुवटीखाली बांधायच्या नाड्या असतात, कडेला गोट आणि शोभेचे मणी असतात. दिसायला सुंदर, पण धोका याच दोन ठिकाणी आहे.

मुलांच्या कपड्यांच्या नाड्यांसाठी युरोपमध्ये ‘ईएन १४६८२’ नावाचं मानक आहे. त्यानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि मानेच्या भागात नाडी चालत नाही. कारण साधं आहे. नाडी पाळण्याच्या कडीत, घसरगुंडीच्या फटीत किंवा दाराच्या कडीत अडकली तर गळ्याला फास बसू शकतो, आणि बाळाला तो स्वतः सोडवता येत नाही.

मण्यांबाबतही मोजमाप ठरलेलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंचे सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात. जी वस्तू त्या नळीत पूर्ण मावते, ती बाळाच्या घशात अडकू शकते. मणी, बटण, घुंगरू, टिकली या सगळ्या वस्तू तिच्यात आरामात मावतात.

मग कुंची शिवायचीच नाही का? शिवायची. नाडीऐवजी वेल्क्रो लावायचा, मण्यांऐवजी रंगीत दोऱ्याने वेलबुट्टी काढायची आणि गोट बाहेरच्या कडेला, त्वचेला न लागेल असा ठेवायचा. मण्यांची कुंची बारशाच्या फोटोपुरती घालून नंतर आठवणीने काढून ठेवता येते.

झोपेचं काय? एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. घरात झोपताना डोक्यावर टोपडंही नको, कारण बाळाच्या अंगातली जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. आजीने शिवलेली जाड वाकळ बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला उत्तम. झोपलेल्या तान्ह्यावर मात्र ती घालू नये.

शिवून झाल्यावर शेवटची तपासणी

टाचण्या डबीतून मोजून घ्याव्यात आणि मोजूनच परत ठेवाव्यात. बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं तर ते कपड्यावरून फिरवावं. आत राहिलेली टाचणी किंवा तुटलेलं सुईचं टोक लगेच चिकटतं. कापडी चेंडू किंवा बाहुलीत ज्वारी, चिंचोके भरू नयेत. शिवण उसवली की तेच दाणे तोंडात जातात. स्वच्छ चिंध्या भराव्यात आणि शिवणीवर दुहेरी टीप मारावी.

ओव्हन नाही, मग केक कशात?

जाड बुडाचं मोठं पातेलं आणि घट्ट बसणारं झाकण पुरतं. तळाशी वाटी-दीड वाटी जाडं मीठ किंवा धुवून वाळवलेली वाळू पसरायची, त्यावर स्टँड किंवा उपडी ताटली ठेवायची आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. मग केकचा डबा आत ठेवायचा आणि आच मंद करायची. मीठ इथे शिजवण्यासाठी नसतं. ते खालची उष्णता सावकाश आणि सारखी वर पाठवतं, म्हणून केकचा तळ करपत नाही.

अनेक जण कुकर वापरतात. कुकर कोरडा तापवू नये, अशी सूचना त्याच्या माहितीपुस्तिकेत असते. कोरड्या आचेने रबर आणि भांडं दोन्ही खराब होतं. तरीही जुना, वापरातून काढलेला कुकर घ्यायचाच असेल, तर शिट्टी आणि रबर आधी काढून ठेवावं. केकमधून निघणारी वाफ बाहेर पडायला वाट हवी. आणि तो कुकर पुन्हा वरण-भाताला वापरू नये.

आत किती तापलंय, हे कसं कळणार? साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. छोट्या स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून पातेलं पंधरा मिनिटं झाकून ठेवा. साखर वितळली तर उष्णता केकसाठी जास्त आहे. कोरडीच राहिली तर १८६ च्या खाली आहे, म्हणजे सुरुवात करायला हरकत नाही. वाटी काढताना मात्र सांभाळून, वितळलेली साखर वाईट भाजते.

इलेक्ट्रिक ओव्हन घ्यायचा विचार असेल तर आधी भिंतीवरचं सॉकेट बघा. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. घरातलं साधं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. त्यात तो लावला की सॉकेट तापतं. त्यासाठी १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि अर्थिंग हवं. विजेचा खर्च फार नाही. १२०० वॉटचा ओव्हन ५० मिनिटं सलग चालला तर एक युनिट जळतं. केक आत असताना वीज गेली तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर तो बराच वेळ शिजत राहतो.

सोडा की पावडर? हळद सांगते

खाण्याचा सोडा आंबट पदार्थाला भेटला की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. म्हणून सोडा घातला तर दही, ताक किंवा लिंबू हवंच. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत आंबट घटक आधीच मिसळलेला असतो, तिला दुधावरही काम करता येतं. दह्याशिवाय नुसता सोडा जास्त पडला की केकला साबणासारखी चव येते.

हे तपासायचं साधन वसमत भागात घरोघरी आहे. हळदीच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाका, ते लालसर होतं. हळद क्षारात लाल होते, तेच हे. हळद घातलेल्या पिठात लाल ठिपके दिसले, तर सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही, असं समजायचं.

हळदीचा केक खरंच असतो का?

असतो. लेबनॉनमध्ये ‘सफूफ’ नावाचा पिवळाधमक केक घरोघरी होतो. त्यात रवा, हळद आणि तेल असतं, अंडं नसतं. डब्याला तिळाचं वाटण लावतात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा या केकसाठी सामान शोधायला फार लांब जावं लागत नाही.

साहित्य: दीड वाटी बारीक रवा, अर्धी वाटी कणीक, एक वाटी साखर, एक वाटी दूध, अर्धी वाटी तेल, दोन छोटे चमचे हळद, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, चमचाभर बडीशेपेची पूड, वरून तीळ.

कृती: साखर दुधात विरघळवून घ्या. रवा, कणीक, हळद, बडीशेप आणि बेकिंग पावडर कोरडीच एकत्र करून त्यात तेल चोळा. मग दूध घालून ढवळा. डब्याला तेल लावून तीळ भुरभुरवा, मिश्रण ओता, वर पुन्हा तीळ. तापलेल्या पातेल्यात मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं लागतात. पहिली अर्धी तास झाकण उघडू नका. सुरी टोचून कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम असताना रवा सुटतो.

कणकेऐवजी ज्वारीचं पीठ चालेल का? पूर्ण नाही. गव्हात ग्लुटेन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं, म्हणून निव्वळ ज्वारीचा केक भुगा होतो. ज्वारी निम्मी आणि गहू निम्मा घेतला तर जमतं.

नानकटाईचं माप आणखी सोपं: एक भाग तूप, एक भाग पिठीसाखर, दोन भाग मैदा, वेलदोडा आणि चिमूटभर बेकिंग पावडर. डालडा घालावा का? वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर देशात १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. पाकीट नसलेलं, सुटं वनस्पती तूप मात्र घेऊ नये. घरी करतोय तर घरचं तूपच बरं.

आणि तान्ह्या बाळाला? दोन वर्षांखालच्या मुलांना जास्त साखरेचे पदार्थ देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही. पहिल्या वाढदिवसाचा केक घरच्यांनी खावा, बाळाला मऊ भात आणि केळं.

मुलांना कोणतं काम द्यावं?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला गोणपाटासारखं जाळीदार कापड, बोथट टोकाची मोठी सुई आणि जाड लोकर द्या. धावदोरा त्यावर लवकर जमतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसासमोर बटण लावता येतं, लहानशी पिशवी शिवता येते. पायमशीन मोठ्यांनी सोबत बसूनच शिकवावी. स्वयंपाकघरात माप घेणं, चाळणं, ढवळणं मुलांचं. गॅस पेटवणं आणि गरम डबा काढणं मोठ्यांचं. सुई मुलगा आणि मुलगी दोघांच्याही हातात द्यावी.

विकायचं ठरवलं तर?

केक, बिस्किटं: घरातून विकलं तरी तो अन्न व्यवसायच ठरतो. २०११ च्या नियमांनुसार छोट्या उत्पादकाला ‘एफएसएसएआय’ची साधी नोंदणी लागते. तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. अर्ज ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर होतो. नोंदणीचा क्रमांक १४ अंकी असतो. पाकिटावर तो क्रमांक, घटक आणि तारीख टाकावी. केकमध्ये अंडं असेल तर मांसाहाराची खूण द्यावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

खेळणी: घरच्या मुलासाठी बाहुली शिवली तर प्रश्न नाही. विक्रीसाठी मात्र १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ‘बीआयएस’ची खूण बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

मदत: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांच्या कर्जाची तरतूद आहे. अन्नप्रक्रियेसाठीच्या ‘पीएमएफएमई’ योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं अनुदान आहे. अर्ज सध्या सुरू आहेत का, हे विचारल्याशिवाय मशीन किंवा ओव्हनसाठी कर्ज काढू नये.

मजुरी कुणी मोजायची?

इथेच बहुतेकींचा हिशोब चुकतो. कापड आणि दोऱ्याचे पैसे धरले जातात, वेळेचे नाही.

यातलं एक उदाहरण सरकारी आहे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत राज्यातल्या शाळांना कापड एका ठिकाणाहून आलं आणि शिलाईचं काम महिला गटांकडे गेलं. स्काउट-गाइडच्या गणवेशासाठी शिलाईचे १०० आणि वरखर्चाचे १० रुपये ठरले. एवढ्या पैशांत शिवून द्यायला अनेक ठिकाणी कुणी तयार होईना, गणवेश रखडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. शर्ट आणि पँट मिळून तीन तास लागले असं धरलं, तरी १०० रुपयांत तासाला ३३ रुपये पडतात. मशीनची झीज वेगळीच.

तोच हिशोब लाळेऱ्याला लावून बघा. समजा, कापड-वेल्क्रो १५ रुपये. कापायला आणि शिवायला ४० मिनिटं, तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ४० रुपये. दोरा, सुई, वीज ५ रुपये. किंमत झाली ६० रुपये. ‘घरातच तर शिवलंस, वीस रुपये घे’ असं कुणी म्हटलं, तर त्यातले कापडाचे आणि दोऱ्याचे २० वजा केल्यावर ४० मिनिटांच्या कामाचे हातात शून्य उरतात.

म्हणून पहिली पाच लाळेरी आणि पहिले दोन केक घरच्यांसाठीच करावेत. प्रत्येक वेळी वहीत तीन आकडे लिहावेत: सामान कितीचं, वेळ किती लागला, खराब किती गेलं. सहाव्या लाळेऱ्याची किंमत त्या वहीतून काढावी, शेजारच्या दुकानातल्या पाटीवरून नाही.